आतली कडी

मुंगीनं बांधलेली ट्रकची बॉडी लांबूनच ओळखू यायची. खड्ड्यातून गाडी गेली की बाकीच्यांच्या बॉड्या भांड्यांचं दुकान कोसळल्यासारख्या वाजायच्या. मुंगीची बॉडी नुसती 'हूं' म्हणायची, पोटभर जेवून उठलेल्या माणसासारखी. हे काही कौतुक म्हणून सांगायचं नाही, आहे ते आहे. ज्याला खोटं वाटतं त्यानं मुंगीच्या हातचा एखादा फाळका, म्हणजे हौद्याची उघडती बाजू, कुठं दिसला तर आजही लाथ मारून बघावी. पाय सुजेल, फाळका हलायचा नाही.

मुंगी हे काही त्याचं नाव नव्हे. लहानपणी त्याला खोड होती, अंगापेक्षा मोठी वस्तू उचलायची. बाबांची गाडी दारात आली की हे पोर सगळ्यात आधी जॅकला हात घालायचं. जॅक हलायचा नाही, हा लाल व्हायचा, पण सोडायचा नाही. बाबा एकदा म्हणाले, "ही मुंगी बघा, हत्ती ओढून घरी न्यायला निघाली!" झालं. तेव्हापासून शाळेत मुंगी, गल्लीत मुंगी, पुढं हाताखाली माणसं आली तरी मुंगी मिस्त्री. लग्न ठरवायला गेले तेव्हा मुलीच्या बापानं खरं नाव विचारलं, तर थोरल्या भावालासुद्धा क्षणभर आठवेना.

बाबा लांबच्या पल्ल्याचे ट्रक ड्रायव्हर. घर दोन खोल्यांचं, आणि तिसरी खोली चाकावर. ती तिसरी खोली महिन्यातून फार थोडे दिवस घरी असायची. वळणावर इंजिनाचा आवाज आला की आई ओळखायची, हे आपलंच. ती पाणी तापवायला ठेवायची आणि दोघं पोरं अनवाणी पळायची. गाडी थांबली तरी इंजिन तापलेलं असायचं, त्याच्या पत्र्यावर हात ठेवायचा आणि चटका बसला की काढायचा, असा खेळ. मागच्या हौद्यात चढलं की गोणपाटाचा, डिझेलचा, भिजून वाळलेल्या ताडपत्रीचा वास. उकाड्यात सगळं घर तिथंच झोपायचं. आई फाळक्याला टेकून, बाबा मधोमध आडवे, दोघं भाऊ कडेला. डोक्यावर उघडं आभाळ. असली झोप पुन्हा कुठल्याही गादीवर लागली नाही. थोरला अजूनही म्हणतो, सोन्याच्या पलंगावर राजे झोपत असतील, आम्ही लाकडाच्या फळ्यांवर झोपलो, राजांनी हेवा करावा असे.

बाबा कधी कधी एका पोराला खेपेवर न्यायचे. एकालाच. आईचा तसा नियमच होता.

"दोघांना एकदम नाही न्यायचं. एक माझ्यापाशी राहू दे."

"अगं, मी काय त्यांना विकायला नेतोय?"

"रस्त्याचं काही सांगता येत नाही. एक माझ्यापाशी."

आता दोघांतला एक न्यायचा म्हटल्यावर थोरलाच जाणार. त्याला चाकाखाली दगड लावता यायचा, पाण्याची कळशी उचलता यायची, आणि मुख्य म्हणजे झोप आलेल्या बापाला बडबड करून जागं ठेवता यायचं. या कामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. मुंगी दारात उभा राहून म्हणायचा, "मी पुढच्या खेपेला." पुढच्या खेपेला त्याला ताप यायचा. त्याच्या पुढच्या खेपेला परीक्षा. मग तो एका मिस्त्रीकडे बॉडीच्या कामाला लागला, आणि तोवर बाबांचे गुडघे गेले. पुढची खेप राहून गेली ती गेलीच.

थोरला मात्र खेपेवरून आला की सांगायला बसायचा. आणि सांगणारा असावा तर तसा! नदीवरचा पूल सांगितला की ऐकणाऱ्याचे पाय ओले व्हायचे. पलीकडचा काठ इतका लांब, की माणसं दिसत नाहीत, नुसता त्यांच्या चुलींचा धूर दिसतो. एक माळ असा, की वाऱ्यानं ताडपत्री रात्रभर गाणं म्हणते. एक डोंगर असा, की चढताना ढग खिडकीतून आत येतात आणि मांडीवर बसतात. मुंगी तोंड उघडं टाकून ऐकायचा. पण प्रश्न विचारायचा ते भलतेच.

"दादा, तिथं हात कुठं धुतले?"

"हात? अरे, ढग सांगतोय मी तुला!"

"हो, पण हात कुठं धुतले? आणि झोपलात तेव्हा पाय कुठं होते? पूर्ण पसरले का दुमडले?"

असला पोरगा पुढं ड्रायव्हर होणार नाही, बॉडीच बांधणार, हे तेव्हाच कळायला हवं होतं.

पुढं दोघा भावांनी घरामागच्या आवारात स्वतःचं वर्कशॉप टाकलं. थोरला बोलायचा, मुंगी ठोकायचा. थोरल्यानं बोलून गिऱ्हाईक आणायचं आणि मुंगीनं असं काम करायचं की थोरल्याचं बोलणं खरं ठरावं. त्या आवारात किती चासी, गाड्यांचे नुसते सांगाडे, नागड्या आल्या आणि कपडे घालून गेल्या, त्याचा हिशेब नाही. मुंगीनं बांधलेल्या गाड्या कुठल्या कुठं जाऊन आल्या. मुंगी स्वतः नव्या गाडीची चाचणी घ्यायचा ती आवारापासून नाक्यापर्यंत. नाक्यावर वळवायची आणि परत. नाक्याच्या पुढं तो कधी गेला नाही. कामच संपायचं नाही, जाणार कधी?

वर्कशॉपला एक नियम होता, बाबांनी घालून दिलेला. एकदा मागच्या फाळक्याची कडी लावायची राहिली आणि घाटात अर्धा माल सांडला, मुलासारखा जपलेला माल रस्त्यावर लोळताना त्यांनी बघितला. तेव्हापासून, उघडी कडी दिसली की आधी लावायची, मग विचारायचं कोणी उघडी ठेवली. कोणाची गाडी, कोण आत, काही बघायचं नाही. कामगार असो, गिऱ्हाईक असो, घरातली बाई असो. चहा घेऊन आलेला टपरीवालासुद्धा जाता जाता कडी लावून जायचा. आणि आईचं तर विचारूच नका. तिला आता नीट ऐकू यायचं नाही, डोळ्यांनाही कमी दिसायचं, चालायला काठी लागायची, पण उघडी कडी तिला आवाराच्या या टोकावरून दिसायची.

बाबा गेले. त्यांची गाडी मागच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभी राहिली. विकायचा विषय काढला की आई ऐकू न आल्यासारखं करायची, आणि त्या वेळी खरंच आलं नाही की मुद्दाम, हे कळायला मार्ग नसायचा. वर्षं गेली. मुंगीची मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली, मुंगीचे केस करडे झाले. एक दिवस कामाला सुट्टी असताना त्यानं एकट्यानं ती ताडपत्री ओढून काढली. धुळीनं खोकत, डोळे चोळत थोरल्याकडं आला.

"दादा, हिला घर करू."

"काय करू?"

"घर. पलंग, ओटा, पाणी, दिवे, सगळं. कुठं वीज मागायची नाही, कुठं नळ शोधायचा नाही. वाटेल तिथं उभी करायची आणि राहायचं."

"आणि राहणार कोण?"

मुंगी नुसता हसला. थोरल्याला कळलं. भाऊ म्हणजे काय असतं मग?

सगळं काम मुंगीनं रोजच्या कामातून वेळ काढून केलं, आणि काय केलं! आधी पाट्यांना, म्हणजे चाकांवरच्या पोलादी पानांच्या स्प्रिंगांना, हात घातला. मालाच्या गाडीचे पाटे माल धरूनच केलेले असतात, रिकामी गाडी त्यांच्यावर बेडकासारखी उडते. त्यानं काही पानं काढली, काठोकाठ भरलेली बादली आत ठेवली आणि आवारात फेऱ्या मारल्या. पाणी सांडलं की पुन्हा पाटा खोल. बादलीतलं पाणी नुसतं थरथरायला लागलं तेव्हा थांबला. भिंतींना दोन पत्रे, मध्ये थर्माकोल, आतून प्लायवूड. पाण्याची टाकी चाकांच्या मधोमध, खाली, आणि तिच्या आत आडवे पडदे, म्हणजे वळणावर सगळं पाणी एका अंगाला धावून गाडी ओढणार नाही. टपावर सोलरच्या काचा, बाकाखाली बॅटऱ्या, वायरी सगळ्या नळीतून, कुठं घासायला नकोत. सिलिंडरचा कप्पा वेगळा, आणि ओट्याखाली जमिनीला भोक, कारण गॅस गळला तर खाली बसतो, त्याला जायला वाट हवी. खण असे की आधी उचलायचे आणि मग ओढायचे, घाटात आपोआप उघडून भांडी नाचायला नकोत. केबिन मात्र त्यानं तसंच ठेवलं. केबिनमधून मागं यायला दार कापू म्हणून थोरल्यानं सुचवलं, तर म्हणाला, "बाबांच्या पाठीत भोक नाही पाडायचं." विषय संपला.

पलंगाचं माप थोरल्याला झोपवून घेतलं, कारण घरात सगळ्यात उंच तोच. ओट्याचं माप बायकोच्या कोपरावरून.

मुंगीची बायको ताडपत्र्या आणि सीटकव्हरं शिवायची. ओसरीत तिचं मशीन. जाड कापडाला सुई घालायची तशीच माणसालाही घालायची, सरळ आणि आरपार. मुंगीनं तिला हौद्यात उभं करून पेन्सिलीनं खूण केली तेव्हा म्हणाली, "आता कोपराचंही माप? शिवणारी मी आहे का तुम्ही?"

"ओटा उंच झाला तर खांदे दुखतील तुझे."

"माझे कशाला दुखतील? मी येतेय कुठं?"

ही खरी अडचण होती. पडदे तिनं शिवले, गादीचे अभ्रे शिवले, बाहेर सावलीला ओढायची ताडपत्री तर अशी शिवली की वादळानं नमस्कार करून बाजूनं जावं. पण जायचं नाव काढलं की नाही म्हणजे नाही. लग्नाआधीच तिनं बापाला सांगितलं होतं, गाडी बांधणारा नवरा चालेल, गाडी चालवणारा नको. ड्रायव्हरच्या बायका तिनं पाहिल्या होत्या. या घरात आल्यावर सासूही पाहिली. सासूची सगळी जवानी खिडकीत गेली, वळणाकडं कान लावून.

"बांधणारा म्हणून केला," ती म्हणायची, "आणि म्हातारपणी चालवणारा निघाला! आणि चालवणारा तरी कसला? नाक्यापर्यंतचा!"

मुंगी पत्रा ठोकत राहायचा. तो एकटा जाऊ शकला असता, कोणी अडवलं नव्हतं. पण एकट्याचं त्याच्या मनातच नव्हतं. ओटा एकट्यासाठी कोण बांधतं?

तशात एक वीटभट्टीवाला गाडी मागायला आला. जुनं इंजिन, पण दम होता. आतलं काढून विटा भरीन म्हणाला. थोरल्यानं त्याला चहा पाजून वाटेला लावलं, तरी तो दर आठवड्याला यायचा. शेवटी बायकोच म्हणाली, "अहो, असं अर्धवट नको. एक दिवस मी या गाडीत राहते. इथंच, आवारात. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. घरातलं काही न्यायचं नाही, फोनसुद्धा नाही. मला जमलं तर येईन. नाही जमलं तर भट्टीवाल्याला द्यायची, आणि पुन्हा विषय काढायचा नाही. कबूल?"

मुंगी म्हणाला, "कबूल." 

वर्कशॉपच्या सुट्टीचा दिवस धरला. थोरला नवी बॉडी पोचवायला परगावी गेला होता, येताना भट्टीवाल्याला घेऊन येणार होता, उत्तर ऐकायला. शेजारची सगळी गॅरेजं बंद. आवारात चिटपाखरू नाही. दोघं गाडीत चढले. तिनं सगळं तपासून पाहिलं, सासू नव्या सुनेला तपासते तसं. नळ सोडला, पाणी आलं. शेगडी पेटवली, पेटली. खण ओढला, आला नाही.

"हे बघा, अडकला."

"आधी उचल. मग ओढ."

आला. तिनं तो पुन्हा बंद केला आणि पुन्हा उघडला. मुंगीनं ते पाहिलं.

वारा सुटला तसं ती म्हणाली, "मागचं दार ओढून घ्या, धूळ येतेय ओट्यावर." त्यानं ओढून घेतलं. दाराला त्यानं असं रबर बसवलं होतं की ते चुंबकासारखं चिकटलं. तिनं स्वयंपाक केला, दोघं जेवले, भांडी घासून झाली. बाहेर काठी वाजली, टक टक, जवळ आली आणि लांब गेली. कोणी लक्ष दिलं नाही.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "उघडा जरा, हवा येऊ दे."

मुंगीनं दार लोटलं. दार हललं नाही. खांदा लावला. नाही.

"आई येऊन गेली काय?"

"काठी तर वाजली मघाशी."

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. दाराची बाहेरची कडी म्हणजे एक लोखंडी दांडा, तो खाली पाडलेला नव्हता, आईला दिसला, आईनं लावला. नियम म्हणजे नियम.

"मग आतून काढा की कडी."

मुंगी दाराकडं बघत राहिला. वरपासून खालपर्यंत गुळगुळीत प्लायवूड, पॉलिश केलेलं, त्यात स्वतःचं तोंड दिसावं असं. एक खिळासुद्धा वर नाही.

"अहो, कुठंय?"

"नाही."

"काय नाही?"

"कडी. आतून कडी नाही."

"विसरलात?"

"विसरायला आधी डोक्यात यावं लागतं," मुंगी म्हणाला. "आलंच नाही गं. जन्मभर दारं केली ती मालासाठी. माल कधी आतून दार उघडतो का?"

ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "म्हणजे मी माल."

"तसं नाही..."

"तसंच! पोती, खोकी आणि मी. कोपराचं माप घेतलं, पण बाई आत आहे हे डोक्यात नाही!"

मुंगीनं खिडकीतून आईला हाका मारल्या. आई घरात झोपली होती, आणि जागी असती तरी काय उपयोग होता? खिडकीला गज, त्यानंच बसवलेले, चोर येऊ नये म्हणून. टपातलं हवेचं झाकण लहान, माणूस मावणार नाही. हत्यारं सगळी बाहेर शेडमध्ये. त्यानं सुरीनं बिजागरी चाचपली. बिजागऱ्या बाहेरून, रिव्हेट मारलेल्या. गज उचकटायला गेला, गज हसले. हे सांगताना थोरल्याची छाती आजही फुगते. दुसऱ्या कोणाची बॉडी असती तर माणूस कधीच बाहेर पडला असता. ही मुंगीनं बांधलेली होती, मुंगीला सुटली नाही.

घामानं निथळत मुंगी खाली बसला. त्याला वाटलं, संपलं. संध्याकाळी दार उघडेल, ही खाली उतरेल, आणि गाडी भट्टीला जाईल.  हात दाराच्या फटीवरून फिरला आणि सवयीनं तोंडातून निघालं, "पण रबर बघ कसं बसलंय. फटीतून हवा पण येत नाही."

 मग तिला जे हसू फुटलं ते आवरेना. पलंगावर बसली, पदर तोंडाला लावला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "अडकलाय स्वतः," ती म्हणाली, "आणि कौतुक बघा, रबराचं!" मग मुंगीही हसला, आधी घाबरत, मग मोकळा.

तिनं चहा टाकला. दुसरं करायचं तरी काय होतं? चहा पिता पिता म्हणाली, "सांगा तरी. कुठं जाणार होतात हे घेऊन?"

मुंगी सांगायला लागला. नदीवरचा पूल, पलीकडच्या चुलींचा धूर. ताडपत्री गाणं म्हणते तो माळ. खिडकीतून ढग आत येतात तो डोंगर. कुठल्या वळणावर विहीर आहे, तिच्या किती पायऱ्या उतरल्यावर पाणी गार लागतं. एरवी दोन वाक्यांत दिवस काढणारा माणूस, तो बोलत राहिला.

"हे सगळं पाहिलंत कधी तुम्ही?"

"मी कुठं? दादानं सांगितलंय."

"भावजींनी?" ती कप खाली ठेवत म्हणाली. "अहो, भावजी परवा म्हणत होते, आवारात बोका शिरला, वाघाएवढा होता!"

"निम्मं वजा कर," मुंगी म्हणाला. "निम्मं तर असेल ना? ते निम्मं मला बघायचंय."

(ही वजाबाकी काही बरोबर नव्हे. नदी तेवढीच होती आणि बोकाही जवळपास तेवढाच होता. पण मुंगी बोलला ते बोलला.)

 इतकी वर्षं तिला वाटत होतं, याला बापाचा रस्ता बोलावतोय. बाप जायचा तसा हाही जाणार, आणि आपण बरोबर असलो तरी मागच्या खोलीतल्या सामानासारख्या. याला रस्ता माहीतच नाही, हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं. हा नाक्यावरून परत फिरणारा माणूस. ऐकलेल्या गोष्टीला यानं चाकं लावली होती.

"वाट चुकलात तर?"

"चुकणारच. एकट्यानं चुकलं की घाबरायला होतं. म्हणून तर..."  तो कप विसळायला उठला.

ती पलंगावर आडवी झाली, नुसती पाठ टेकायला. कापडाच्या व्यापात दुपारची झोप तिला माहीत नव्हती. मुंगीनं कप विसळून वळून पाहिलं तर तिचा श्वास लांब झाला होता. त्यानं पडदा ओढला आणि आवाज होऊ नये म्हणून दाराजवळ जमिनीवर बसून राहिला. आता त्याला दार उघडायची घाई नव्हती.

ऊन उतरलं तसा थोरला आला, बरोबर भट्टीवाला. आवारात कोणी नाही, गाडीचा दांडा बाहेरून लावलेला. थोरल्याला वाटलं, झालं, मुंगीची बायको घरात गेली, मुंगीनं गाडी बंद केली. भट्टीवाला तर खुशीनं हात चोळायला लागला. तेवढ्यात आतून टकटक झाली.

दार उघडलं. मुंगीची बायको खाली उतरली. केस विस्कटलेले, गालावर उशीच्या शिवणीचा वळ उठलेला. आई पण काठी टेकत आली.

"तुम्ही आत होता?" आई म्हणाली. "सांगायचं नाही होय?"

"किती वेळ तेच सांगत होतो!" मुंगी म्हणाला.

"मग मोठ्यानं सांगायचं. कडी उघडी होती, मी लावली. उघडी दिसली की लावायची."

भट्टीवाल्याला या घरगुती भानगडीत रस नव्हता. "मग काय ठरलं वहिनी? गाडी द्यायची ना?"

मुंगी जमिनीकडं बघत होता. थोरल्यानं त्याला भल्याभल्या गिऱ्हाइकांपुढं ताठ उभं पाहिलं होतं. तो मुंगी आता शाळेतल्या पोरासारखा नखं खरवडत होता.

"दार वाईट आहे," ती म्हणाली.

मुंगीनं मान हलवली. खरंच होतं ते.

"आतून कडी नाही. आधी कडी बसवा. माझ्या हाताच्या उंचीवर, अंधारात चाचपली तरी सापडेल अशी. ती मी लावणार आणि मी काढणार. तोवर ही गाडी जागची हलायची नाही, आणि हलली तर मी पुढं बसणार, मागं नाही." मग भट्टीवाल्याकडं वळून म्हणाली, "विटांना आतली कडी लागत नाही हो. तुम्ही दुसरी गाडी बघा."

मुंगीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो सरळ शेडकडं पळाला, पन्नाशीचा माणूस, हत्यारं आणायला. थोरला भट्टीवाल्याला म्हणाला, "बघितलंत? अशी माणसं आहेत आमच्या घरात." भट्टीवाला म्हणाला, "बघितलं, पण मला ट्रक हवा होता."

कडी बसली. दोघं निघाले. आईनं त्या दिवशी काठी टाकून दोन्ही हातांनी गाडीच्या पत्र्याला चाचपलं, घोड्याला थोपटतात तसं, आणि 'एक माझ्यापाशी' या नियमाबद्दल एक अक्षर काढलं नाही. नाक्यावर थोरला उभा होता. गाडी नाक्याशी हळू झाली, जुन्या सवयीनं वळेल की काय असं वाटलं, मग सरळ गेली. टपरीवाल्याला थोरल्यानं सांगितलं, त्या पाट्यांवर भरलेली बादली ठेव, थेंब सांडणार नाही. टपरीवाल्यानं हे आधीही ऐकलं होतं, पण तो म्हणाला, "खरं आहे." चांगला माणूस.

पहिली सकाळ कशी झाली ते मुंगीनं परत आल्यावर सांगितलं, त्याच्या दोन वाक्यांत. जाग आली तेव्हा दार उघडं होतं. ती बाहेर ओल्या गवतात अनवाणी उभी होती आणि तिनं हाक मारली, "अहो, उठा, इथं कोणीच नाही!" जसं काही कोणी नसणं ही मोठी मिळकत.

मग ते जातच राहिले. दर वर्षी, काम आवरलं की. नदी पाहिली, माळ पाहिला, आणि थोरल्यानं कधी न पाहिलेलंही बरंच पाहिलं. आता सांगायला मुंगी बसतो आणि थोरल्याला ऐकावं लागतं. मुंगीला सांगता येत नाही, हे मात्र आहे. ढगाचं विचारलं तर तो पार्किंगचं सांगतो.

आता आई नाही. तिच्या वेळची टपरीही गेली, नाक्यावर मोठा पूल आला. बॉड्या कारखान्यातून तयार येतात, पातळ पत्र्याच्या, खड्ड्यातून जाताना रडतात. मुंगीच्या बायकोचे गुडघे दुखतात, मुंगीला संध्याकाळी कमी दिसतं. गाडी आवारात मागच्या कोपऱ्यात उभी आहे, पण चाकांत हवा आहे आणि टाकीत पाणी. दुपारचं जेवण झालं की दोघं हळूहळू तिकडं जातात. ती आधी चढते, मग त्याला हात देते. आतून कडी लागल्याचा आवाज येतो.

त्या वेळी कोणी भेटायला आलं की थोरला ओसरीतूनच सांगतो, "परगावी गेलेत दोघं. बसा, चहाच्या वेळेला येतील."